हाळी

"कोण पाहिजे?" दाराआडून नंदाबाईनं विचारलं, आणि बाहेर पायरीवर उभा असलेला हौशीराम मुकादम गप्पच झाला. दार त्याचं, बाई त्याची, कडी वाजवणारा हातसुद्धा त्याचाच. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतल्या या खोलीत तो पोराच्या, सोपानच्या, बारशाच्या आधीपासून राहत होता आणि आजवर त्याला कडी कधी वाजवावी लागली नव्हती. वळणावर आला की तो नुसता खाकरायचा, आणि पायरीशी पोचेपर्यंत दार उघडलेलं असायचं. "दार उघड गं," तो पुन्हा म्हणाला. आत भांड्यांचा आवाज थांबला. "मालक घरात न्हाईत. सांच्याला या," नंदाबाई म्हणाली, परक्या पुरुषाशी बोलावं तशी, जरा कडकच. हौशीरामाला वाटलं, आपणच भलत्या दारात आलो. त्यानं चौकटीकडं नीट बघितलं. वर त्यानंच ठोकलेली घोड्याची नाल होती. मग त्यानं पुन्हा कडी वाजवली, दार किलकिलं झालं, आणि नंदाबाईच्या तोंडावरचा रंग उतरला. "अगं बया, तुमी व्हय," ती म्हणाली. "मला आवाजच न्हाई वळकला."

ती हसली असती तर बरं झालं असतं. हसण्यावारी गेलं असतं, चाळीत चार दिवस थट्टा झाली असती, संपलं असतं. पण नंदाबाई हसली नाही. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली, पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि तो पाणी पीत असताना त्याच्या गळ्याकडं बघत राहिली. चैत्र संपत आला होता. मुंबईची मंडळी पातळ सदरे घालून बाजारातून हिंडत होती, आणि हौशीराम अंगात स्वेटर, गळ्याला मफलर अन् डोक्याला कानटोपी घालून बसला होता, तरी त्याच्या पाठीत गारठा होता. पाणी घशातून उतरायलाही वेळ लागत होता. आपला आवाज, त्याला वाटलं, आपला आवाज गेला कुठं? जीभ तोंडात मावत नाही हे त्याला ठाऊक होतं. शब्द आधी जड होतात, मग बाहेर येतात, हेही ठाऊक होतं. पण बायकोला ओळखू येऊ नये इतका? त्याला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण लगेच नाही. तांब्या रिकामा झाला, नंदाबाई आत गेली, समोरच्या रुळांवरून एक मालगाडी घाटाकडं उतरून गेली, आणि तिचा शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर कुठं ते त्याच्या मनाला लागलं. हल्ली सगळंच असं उशिरा पोचत होतं.

कारण हौशीराम म्हणजे आवाज. बाकी त्याच्यात बघण्यासारखं काय होतं? उंची बेताची, अक्षरओळख सहीपुरती. आंदर मावळातलं त्याचं गाव डोंगराच्या एका सोंडेवर, अन् वावरं दुसऱ्या सोंडेवर. मधे खोल ओढा. उतरून चढून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून तिथं हाळी घालायची रीत होती. ह्या सोंडेवरून त्याचे वडील, आबा, हाळी घालायचे, "गाय व्यालीऽऽ," आणि त्या सोंडेवरच्या चुलत्याला ती कळायची. हाळी घालणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. आबा आधी वाऱ्याकडं तोंड करून थांबायचे, मग पोटातून आवाज काढायचे आणि शेवटचं अक्षर सोडून द्यायचे, ते आपापलं पलीकडं जायचं. हौशीरामाला ते फार लहानपणीच साधलं. पुढं रेल्वेत रूळ सरकवणाऱ्या टोळीत भरती झाला तेव्हा साहेबानं त्याचे दंड बघितले नाहीत. "हाक दे," म्हणाला. घाटात, बोगद्याच्या तोंडाशी, लोखंडी रूळ हलवायचा तर सगळ्यांच्या पहारींचा जोर एका क्षणी लागावा लागतो. तो क्षण मुकादमाच्या तोंडात असतो. "सासू रुसली रंऽऽ," हौशीराम म्हणायचा, "हैय्या!" टोळी म्हणायची, आणि रूळ बोटभर सरकायचा. "न्हाई पुसली रंऽऽ," "हैय्या!" आणखी बोटभर. दरीत आवाज उतरायचा, परत यायचा, आणि परत आलेल्या आवाजावरही एखादा नवखा गडी जोर लावायचा, मग त्याला शिव्या बसायच्या. शिव्याही पोटातून यायच्या. हौशीरामाला दुसरा आवाजच नव्हता. टोळीवर जो, तोच घरात.

गेल्या थंडीत रूळ सरकवतानाच ते झालं. हाक अर्ध्यात तुटली. छातीवर कुणी पहारीचा टेकू दिला असं वाटलं, डावा हात गेला, आणि तो खडीवर बसला. गड्यांनी त्याला ढकलट्रॉलीवर घातलं आणि चढावरून लोणावळ्याकडं ढकलायला लागले. त्याला आठवत होतं ते आभाळ, बोगद्याचं छत, पुन्हा आभाळ, आणि पावलं. कळ तर येतच होती, पण राग येत होता तो पावलांचा. प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडत होतं, ट्रॉली हिसके खात होती, टोळीतला गेणू एका बाजूनं रडत ढकलत होता. एक हाक कुणी दिली असती तर सगळे एका पावलावर आले असते. ती द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण नुसती हवा गेली. ती हाक तेव्हापासून आतच राहिली, असं त्याला कधीकधी वाटायचं.

मोठ्या दवाखान्यातून घरी आल्यावर सगळे त्याला एकच शब्द सांगू लागले, सावकाश. सावकाश उठा, सावकाश जेवा, सावकाश बोला. तो सावकाश झाला. इतका झाला की सगळे खूष. टोळीतले गडी भेटायला आले की तो भिंतीला टेकून बसलेला, डोळ्यांखाली सूज, तोंडावर एक प्रकारची शांती. "मुकादम लय निवळलं," गेणू म्हणाला. मुकादमाची जागा आता तोच सांभाळत होता. "आधी तोंडातनं जाळ निघायचा. आता द्येवमाणूस." बारकू ठाकर तर जाताना त्याच्या पाया पडला. मावळात असं कुणी मरणाच्या दारातून परत आला आणि गप्प झाला की लोक समजतात, त्यानं काहीतरी बघितलंय. हौशीरामानं काही बघितलं नव्हतं. त्याला झोप येत होती. पण एवढी माणसं हात जोडतात म्हटल्यावर त्यालाही वाटलं, असेल बुवा, आपला राग तिकडंच राहिला असेल. हजाम म्हणाला, "दाढी वाढतच न्हाई तुमची, साधूसारखी कातडी झाली," तेही त्यानं ऐकून घेतलं. साहेबानं त्याला हत्यारांच्या खोलीवर बसतं काम दिलं. पहारी मोजायच्या, खडी ठोकायचे बीटर मोजायचे, कुलूप लावायचं.

आणि एकदा, तो खाटेवर डोळे मिटून पडला असताना, शेजारच्या धोंडाबाईशी बोलताना नंदाबाईचा आवाज त्याच्या कानावर आला होता. "खोटं कशाला बोलू, धोंडाबाई. आजारानं घर उलटंपालटं झालं ते झालंच. पण घरात मला माझंच बोलणं आता कुटं ऐकू यायला लागलंय. आधी न्हाई यायचं." धोंडाबाई काहीतरी म्हणाली. "न्हाई ओ, मारलं कदी न्हाई त्यांनी. आवाजच तसा. वळणावर खाकरलं तरी माजा हात थरथरायचा." तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. ऐकलं आणि तो झोपला. मग दोन दिवसांनी, पहारी मोजता मोजता, ते वाक्य एकदम आलं आणि त्याची मोजणी चुकली. पण तेही पुन्हा त्या झोपेत बुडालं.

"उद्या डागदरकडं जायचं," आवाज न ओळखलेल्या त्या दिवशी नंदाबाई म्हणाली. "मी यिते संगं." "छातीचं बरं हाय," तो म्हणाला. "छातीचं म्हनत न्हाई मी. हे तुमी न्हाईत," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

बाजारातले डॉक्टर मेहेंदळे हे काही बोलण्याआधी माणसाकडं बघत बसणारे गृहस्थ होते. त्यांनी हौशीरामाची कातडी चिमटीत धरली, भुवयांची विरळ झालेली टोकं बघितली, मग त्याला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं मागं लोंबती ठेवून बसायला लावलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेलं. पण परत यायला मात्र त्यानं आपला वेळ घेतला. नंदाबाईनं ते बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा मारली, पुन्हा तेच. "हे बघा," ते म्हणाले, "गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. तिचा रस रक्तात गेला की शरीराचा चुलाणा पेटता राहतो. तुमचा विझत आलाय, असा माझा संशय आहे. रक्त मुंबईला पाठवू." मुंबईहून आलं ते तेच आलं. हा रस आधीपासूनच कमी होता की झटक्यानंतर कमी झाला, ते आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर सरळ म्हणाले. "पण झटका येऊन गेलेल्या हृदयाला ही मंदी फार दिवस परवडत नाही. ते सुस्तावतं, फुगतं, पाणी धरतं. औषध आहे. गोळी. मात्र ती एकदम दिली तर थकलेल्या हृदयाला अचानक पळावं लागेल, आणि तसं ते पळताना बंद पडू शकतं. म्हणून पाव गोळी. महिनाभर पावच. मग बघू." हौशीरामाला सगळ्यात एकच कळलं. ही शांती नव्हती. हा आजार होता, आणि लोक त्याच्या पाया पडत होते. त्याला कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा राग आला, अगदी बारीक, आणि तो आल्याचं त्याला फार बरं वाटलं. आता आवाज परत आणायचा, त्यानं ठरवलं. काय वाटेल ते झालं तरी.

नंदाबाई दर चौथ्या सकाळी अडकित्त्यानं एका गोळीचे चार भाग करायची. सुपारी कातरताना लागते तसली एकाग्रता चेहऱ्यावर आणून, गोळी अडकित्त्यात धरून, हलकेच दाबायची. रोज त्यातला एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवायची, बाकीचे डबीत. तो तुकडा बघून हौशीरामाला अपमान झाल्यासारखं वाटायचं. आठवडा गेला, दुसरा गेला. गारठा तसाच, जीभ तशीच. आणि मग त्याच्या डोक्यात त्याच्या धंद्याचंच गणित सुरू झालं. रूळ पाव जोरानं हलतो का? एका गड्यानं दिवसभर पहार लावली तर रूळ केसभर सरकत नाही. सगळा जोर एका क्षणी लागला तरच सरकतो. आयुष्यभर तो हेच करत आला होता, हेच शिकवत आला होता. डॉक्टर शिकलेला खरा, पण त्यानं रूळ कधी हलवलाय? नंदाबाई नळावर गेली की तो डबीतले उरलेले तुकडेही तोंडात टाकू लागला. रोज अख्खी गोळी. रिकामी डबी तिच्या लक्षात येऊ नये म्हणून बाटलीतली दुसरी गोळी काढून, दातानं तोडून, तुकडे डबीत ठेवू लागला. काही दिवसांतच पाठीतला गारठा गेला. हात गरम वाटायला लागले. एका सकाळी त्यानं कानटोपी काढून खुंटीला लावली. हत्यारांच्या खोलीत, पहारी मोजताना, तो "सासू रुसली" गुणगुणला, आणि आवाजाला थोडी धार आल्याचं त्याचं त्यालाच ऐकू आलं. बघा, त्याला वाटलं, हलला का नाही रूळ.

चाळीच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली. तीच, ओळखीची, पहारीच्या टेकूसारखी. त्यानं कठड्याला धरलं. हृदय उधळलं होतं, ठोके एकावर एक पडत होते, एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही. त्याला ट्रॉली आठवली आणि गड्यांची पावलं. नंदाबाई धावत आली, जिभेखाली ठेवायची गोळी तिनं त्याच्या तोंडात घातली आणि त्याला तिथंच पायरीवर टेकवून धरून बसली. कळ ओसरायला वेळ लागला. "मी अख्खी खात व्हतो," तो म्हणाला. ती उठली. आत जाऊन बाटली आणि डबी घेऊन आली, लुगड्याच्या कनवटीला खोचली, आणि पुन्हा त्याच्या शेजारी बसली. तिचे हात थरथरत होते. आपण नुसतं बोललो तर थरथरायचे, ते हेच हात, त्याला वाटलं, आणि या वेळी ते वाटणं उशिरा आलं नाही.

डॉक्टर चिडले नाहीत, पण त्यांनी औषध बंद केलं. छाती शांत झाल्यावर त्या दोघांना समोर बसवून म्हणाले, "पुन्हा सुरू करायचं की नाही, याचा विचार करावा लागेल. आहे तसे राहिलात तर काही काळ निवांत जाईल. पण हृदय हळूहळू खचत जाईल, तेही खरं. सुरू केलं तर धोका आहे. तुम्ही घरी बोला." दोघं घरी आली. हौशीराम खाटेवर पडून समोरच्या लायनीकडं बघत राहिला. गेणूची टोळी सिग्नलपाशी पॅकिंग करत होती. स्लीपरखालची खडी गाड्यांच्या वजनानं झिजते, रूळ खचतो, मग पहारीनं तो थोडासा उचलून खाली बीटरनं खडी ठोकून भरायची. एकदम उचलायचा नाही. एकदम उचलला तर पुढची गाडी उलटते. केसभर उचल, ठोक, गाडी जाऊ दे, बस तिला, पुन्हा केसभर उचल. लाईन बंद ठेवायची नाही, गाडी चालू ठेवूनच रूळ वर घ्यायचा. किती नवख्या पोरांच्या मानगुटीवर बसून त्यानं हे शिकवलं होतं. रूळ सरकवणं वेगळं आणि खचलेला रूळ उचलणं वेगळं. आणि स्वतःच्या छातीची वेळ आली तेव्हा मुकादमानं पहार काढली होती. त्यानं स्वतःशीच, बसक्या आवाजात, एक अस्सल शिवी हासडली.

"सुरू करायचं," तो नंदाबाईला म्हणाला. "पाव न्हाई, पावातलं अर्धं. डागदर म्हणंल तेवडंच. कितीबी म्हैने लागू द्यात." नंदाबाई तांदूळ निवडत होती. वडिवळ्याहून तिच्या भावानं पाठवलेला आंबेमोहर. तिचे हात थांबले. ती त्याच्याकडं बघत राहिली, इतका वेळ की त्याला धोंडाबाईशी झालेलं तिचं बोलणं आठवलं, आणि ही नको म्हणेल असं वाटलं. नको म्हणाली असती तर त्यानं काय केलं असतं, कोण जाणे. "अडकित्त्याला धार लावून आणते," ती म्हणाली.

पावाचं अर्धं म्हणजे चुराच. अडकित्त्याखाली गोळी फुटायची, आणि नंदाबाई बोट ओलं करून त्याच्या वाटणीचा कण उचलायची आणि त्याच्या जिभेवर ठेवायची. रोज. बाटली कनवटीतून निघायची आणि कनवटीत जायची. पावसाळाभर तो त्या कणाची वाट बघत उठला आणि त्याहून जास्त काही मागितलं नाही, हे त्याला रूळ ओढण्यापेक्षा अवघड गेलं. आज काही झालं का, असं तो स्वतःला विचारायचा नाही. गाडी जाऊ दे, बस तिला. डॉक्टर महिन्यामहिन्यानं हातोडी मारायचे, छातीला नळी लावायचे, थोडंसं वाढवायचे. भुवया भरल्या. हजामाला काम मिळालं. पाऊल खाली जाऊन चटकन परत येऊ लागलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. छातीतली कळ पुन्हा आली नाही.

नवरात्राच्या सुमाराला, घाटातलं गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा, हौशीराम पहारी पोचवायला टोळीपाशी गेला होता. रूळ अडला होता. गेणू हाक देत होता, गडी जोर लावत होते, पण एक आधी, एक नंतर. हौशीराम वरच्या बाजूला उभा राहिला. आधी वाऱ्याकडं तोंड केलं, आबांसारखं. थांबला. छातीकडं लक्ष दिलं, ती आपल्या चालीनं चालली होती. मग त्यानं पोटातून आवाज काढला, फार नाही, आणि शेवटचं अक्षर सोडून दिलं. "सासू रुसली रंऽऽ." गड्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "हैय्या!" रूळ सरकला, आणि हाक दरीतून फिरून परत आली. गेणूनं पहार टाकली आणि तो डोळे पुसायला लागला. "आलं, मुकादम आलं," बारकू म्हणाला, आणि या वेळी पाया न पडता त्यानं तंबाखू पुढं केली.

हौशीराम घराकडं निघाला तो जवळजवळ तरंगतच. आता नंदाबाईला ऐकवायचं. आपला आवाज तिनं ओळखला नव्हता, आता ओळखू दे. वळणावर तो थांबला, खाकरला, आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाला, "दार उघड गं!" आत भांडं पडलं. बांगड्या वाजल्या, पावलं धावली, कडी निघाली, आणि तो पायरीशी पोचला तेव्हा दारात नंदाबाई उभी होती. पदर डोक्यावर ओढलेला, धाप लागलेली, पिठाचे हात आवरून धरलेले, आणि डोळे त्याच्या तोंडावर, आज काय बिनसलंय ते वाचायला. इतकी वर्षं दार उघडं मिळायचं ते असं मिळायचं. त्यानं ते कधी बघितलंच नव्हतं, बघायला थांबलाच नव्हता. आवाजाबरोबर हा धाकही परत येणार, हे तिला अडकित्त्याच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं रोज तो कण उचलून त्याच्या जिभेवर ठेवला होता. हौशीरामाला इतकी लाज वाटली की त्याला पायरी चढवेना.

"सावकाश," तो हळू म्हणाला. हळू आवाज त्याला शोधावा लागला, पण सापडला. "सावकाश येत जा, नंदा. मी उबा हाय." लग्न झाल्यापासून त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली, त्या दिवशी बघितलं होतं तशी. मग तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

"आला व्हय आवाज?" ती म्हणाली.

"आला."

"मग त्यो बी पाव-पावच काढा," नंदाबाई म्हणाली, आणि हसली, आणि तव्यावरची भाकरी करपतीये म्हणून आत गेली. धावत नाही, चालत.